चेहरा दाखवू नये

खालाचा चेहरा कुणाच्या लक्षात राहील असा नव्हता. साठीची, बुटकी, डोक्यावरून घेतलेल्या ओढणीत निम्मी हरवलेली बाई. बाजारात समोरून गेली तर दहातल्या नऊ बायकांनी ओळखली नसती. तिचे हात मात्र वस्तीतल्या घराघराला पाठ होते. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी, तरुणपणी शिलाई मशीनच्या चाकात सापडलेली. डाव्या मनगटावर भाजल्याचा अर्धगोल डाग. आणि तळवे पांढरेफटक, कापराच्या पाण्याने खाल्लेले, चिरा पडलेले.

एकतीस वर्षं खाला मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालत होती. गुस्ल म्हणतात त्याला. आत खाला असायची आणि पाणी ओतायला घरातली एखादी बाई, लेक किंवा सून. या ओतणारीला आईच्या चेहऱ्याकडे बघवत नाही आणि अंगाकडे बघायचं नसतं. मग ती बघणार कुठे? ती खालाच्या हातांकडे बघत राहते. अर्धा-पाऊण तास, डोळ्यांतलं पाणी पुसत, दुसरं काहीच नाही. असं बघितलेलं माणूस मरेपर्यंत विसरत नाही.

हे काम खाला फुकट करायची. पैसा सोडाच, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. ज्या म्हातारीने तिला हे शिकवलं, तिने दोनच गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, या कामाचं मोल वरच्याकडून घ्यायचं, खालच्याकडून नाही. दुसरी, आत चांगलं दिसलं तर बाहेर सांग, वाईट दिसलं तर गिळ. जो मेलेल्याचं झाकतो त्याचं अल्ला झाकतो. खालाने एकतीस वर्षांत बरंच काही गिळलं होतं. नवऱ्याच्या माराचे वळ, एकीने मरेपर्यंत कुणाला कळू न दिलेला आजार, एका पोरीच्या दंडावर सुईने गोंदलेलं भलत्याच माणसाचं नाव. ती त्या घरातून निघाली की विषय संपला. नखात माती राहील, पण जिभेवर शब्द राहायचा नाही.

पोटासाठी ती एका शिंप्याकडून शाळेच्या गणवेशांची दुमडपट्टी आणायची. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, टाके नागमोडी पडायला लागले आणि शिंप्याने काम दुसरीकडे दिलं. तेही त्याने गोड बोलून केलं. गोड बोलून पोटावर पाय देणारे लोक शिव्या देणाऱ्यांपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतात. एकुलती एक मुलगी लग्न होऊन मोठ्या रस्त्यावरच्या इमारतीत राहत होती, सातवा महिना चालू होता. तिला काही कळू द्यायचं नाही असं खालाने ठरवलं. आल्यागेल्यासमोर ती चुलीवर पाणी उकळत ठेवायची, म्हणजे काहीतरी शिजतंय असं वाटावं. धर्मात अशा गरिबांना वेगळा मान आहे. जे मागत नाहीत, आणि अजाण माणसाला जे खाऊनपिऊन सुखी वाटतात. त्यांना शोधून द्या असं सांगितलंय. शोधत बसायला वेळ कुणाला आहे हा भाग वेगळा.

पण मदत समितीच्या कारकुनाने तिला शोधलं. शिंप्याकडूनच कळलं त्याला. एक अर्ज भरून घेतला, सही घेतली आणि धान्याची पिशवी घ्यायला या म्हणाला. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की समितीने छायाचित्र काढल्यास माझी हरकत नाही. मोतीबिंदू झालेल्या बाईला ते कुठून दिसणार? आणि दिसलं असतं तरी पिशवीकडे बघत हरकत घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आता या समितीची गंमत ऐका. छायाचित्रांवरून त्यांच्यात आधी वाद झाला होता. गरिबाचा फोटो दाखवून दान मागणं धर्मात बसतं का? मग मौलवीसाहेबांना चहाला बोलावलं. मौलवीसाहेब मऊ माणूस, पण आपल्या विषयात पक्के. ते पाऊण तास बोलले. म्हणाले, गरज लोकांसमोर मांडणं मना नाही. उघड दान चांगलं, गुपचूप दान त्याहून चांगलं, एवढाच फरक. पण देऊन वर उपकार दाखवले किंवा घेणाऱ्याचं मन दुखावलं, तर त्या दानावर पाणी पडलं समजा. फोटो काढायचाच तर त्या माणसाला विचारा, आणि तो तुमच्या दारात पिशवीसाठी उभा असताना विचारू नका, कारण त्या वेळचं ‘हो’ हे हो नसतं. जे नाही ते दाखवू नका. जे तो स्वतः झाकत असेल ते उघडं करू नका. तो ओळखू येणार असेल आणि त्याला लाज वाटणार असेल, तर फोटो नको. आणि सगळ्यात आधी आपली नियत बघा, की आपल्याला त्याचं पोट भरायचंय की आपलं नाव मोठं करायचंय.

कारकून सगळं लिहून घेत होता. चहा संपल्यावर त्याने वहीत ठराव लिहिला: चेहरा दाखवू नये.

पाऊण तासाचं तीन शब्दांत आटपलं. अध्यक्षांनी सही केली आणि सगळ्यांना बरं वाटलं, कारण तीन शब्द पाळायला सोपे असतात.

धान्यवाटप शाळेच्या हॉलमध्ये होतं. खाला मुद्दाम शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला गेली, म्हणजे गर्दी नको. पिशवी हातात पडली तेवढ्यात फोटोवाला पुढे आला. लग्नांचे फोटो काढणारा माणूस, तोंडाचा गोड, बिचाऱ्याला फक्त चित्र चांगलं यायला हवं होतं. चेहरा येणार नाही, काळजी करू नका, असं म्हणाला. हात जरा पुढे घ्या म्हणाला. अजून थोडे. मग म्हणाला, “एक मिनिट, पिशवी खाली ठेवा. हात तसेच राहू द्या.”

खालाने पिशवी खाली ठेवली आणि हात तसेच धरले. तिला वाटलं, हा पिशवीचा फोटो काढतोय. जन्मात कुणापुढे हात न पसरलेली बाई तिथे मिनिटभर रिकामे हात पसरून उभी राहिली, आणि पसरलेत हे तिला कळलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी मोठ्या रस्त्यावर, समितीच्या इमारतीच्या भिंतीवर तो फलक लागला. दोन मजले उंच. काळी पार्श्वभूमी आणि त्यावर ते हात. करंगळी वाकडी, मनगटावर डाग, तळव्यांच्या चिरा पायवाटेएवढ्या रुंद. खाली लिहिलं होतं: हे हात रिकामे पाठवू नका. चेहरा कुठेच नव्हता. ठराव काटेकोर पाळला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. खालाची मूठ समितीने उघडून चौकात टांगली. पुरुषांना काही कळलं नाही; त्यांना ते कुणा गरीब बाईचे हात वाटले आणि त्यांनी खिशात हात घातला. बायका मात्र पहिल्या दिवशीच रस्त्यात थबकल्या. ज्या हातांनी माझ्या आईचे केस धुतले ते हात हे. दुपारपर्यंत वस्तीभर झालं.

पुढच्या गुस्लला खाला गेली तेव्हा त्या घरच्या सुनेने काम झाल्यावर तिच्या हातात नोटा कोंबल्या. खालाने त्या फळीवर ठेवल्या आणि निघाली. त्यापुढच्या घरी त्यांनी तिच्या पिशवीत गुपचूप घातल्या, घरी येऊन कळलं, परत द्यायला गेली तर दार उघडणारी म्हणाली, ठेवा हो खाला, आम्हाला माहितीये. पूर्वी ती आली की बसलेल्या बायका उठून जागा द्यायच्या. आता स्वयंपाकघराकडे बोट दाखवायच्या, आधी दोन घास खाऊन घ्या म्हणायच्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. दया करायला लागलेल्या माणसासमोर काही बोलता येत नाही, हाच दयेचा मोठा दुर्गुण. जिन्यातली पोरं तिला बघून दोन्ही हात पुढे करायची आणि खिदळायची. पोरं निदान प्रामाणिक होती.

हे सगळं खालाने सोसलं असतं. पण मुलीच्या सासरची गॅलरी बरोबर त्या फलकासमोर होती. सकाळी कपडे वाळत घालायला गेलं की व्याह्यांच्या घराला विहिणीचे हात दिसायचे, दोन मजले उंच. सासूबाई ओरडणाऱ्या बाईंपैकी नव्हत्या. त्या जेवताना सुनेचं ताट वाढून म्हणायच्या, पोटभर खा गं, तुमच्याकडे सवय नसेल. घरी कुणी पाहुणे आले की पडदा ओढायला लावायच्या. नवरा खाली मान घालून जेवायचा.

एका दुपारी मुलीचा फोन आला. आवाज अगदी साधा होता, पाठ केल्यासारखा.

“अम्मी, तो फलक उतरेपर्यंत इकडे येऊ नकोस. मला इथे राहायचंय.”

खाला बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आठवा महिना लागला होता.

ती समितीच्या कार्यालयात गेली. अध्यक्ष उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं हळू. बाहेर त्यांचं नाव फार चांगलं होतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईची ते घरी ठेवून सेवा करतात, म्हणून मौलवीसाहेब प्रवचनात त्यांचा दाखला द्यायचे. खालाने काय ते सांगितलं. फलक काढा, एवढंच. अध्यक्षांनी ठरावाची वही काढली आणि ते पान तिच्यासमोर ठेवलं. आम्ही धर्माला विचारूनच केलंय म्हणाले. चेहरा आहे का कुठे? कुणाचेही हात असू शकतात.

खालाने दोन्ही हात टेबलावर ठेवले, वहीच्या शेजारी. अध्यक्षांनी बघितलं आणि नजर चहाच्या कपाकडे नेली.

“खाला, या एका चित्रावर इतकी घरं जेवतायत,” ते म्हणाले. “तुमच्या लाजेपायी त्यांच्या तोंडचा घास काढू का मी?”

या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणूनच तो विचारतात. खाला चहा न पिता उठली. तिथून मशिदीत गेली. मौलवीसाहेबांनी मान खाली घातली. मी असं सांगितलं नव्हतं, म्हणाले. मी बोलेन त्यांच्याशी. त्यांचा पगार समितीतून यायचा आणि त्यांना चार मुलं होती, त्यामुळे ते कधी बोलतील हे दोघांनाही कळून चुकलं. निघताना ते म्हणाले, सबर करा.

“ते मी मेलेल्यांच्या घरी सांगते,” खाला म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

पंधरा दिवसांनी सकाळीच अध्यक्षांकडून माणूस आला. त्यांची आई गेली होती.

खाला जाणार नाही असं शेजारणीला वाटलं. शेजारीण अजून खालाला ओळखत नव्हती. खालाने बोरीची वाळलेली पानं, कापराची वडी आणि कापूस पिशवीत टाकला आणि गेली. मेलेल्या बाईने तिचं काय वाकडं केलं होतं?

अध्यक्षांचं घर माणसांनी भरलं होतं. आईची खोली वरच्या मजल्यावर, अगदी मागच्या टोकाला. पाणी ओतायला चार बायका पुढे झाल्या, पण अध्यक्षांच्या बायकोने सगळ्यांना मागे सारलं आणि स्वतः आत येऊन दाराला कडी घातली. खोलीत अत्तर इतकं मारलं होतं की डोळे चुरचुरत होते. अत्तराखालचा वास खालाला लगेच कळला. एकतीस वर्षांचं नाक होतं ते.

गुस्लमध्ये शरीर उघडं करत नाहीत. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चादर असते आणि धुणारीने हाताला कापड गुंडाळून चादरीखालून हात फिरवायचा असतो. जे कळायचं ते हाताला कळतं. खालाने हात घातला आणि तिची बोटं माकडहाडापाशी आत गेली. जखम होती तिथे, मूठ मावेल एवढी. दुसरी उजव्या कुशीवर, हाडापर्यंत. टाचा काळ्या पडलेल्या. महिनोन् महिने या बाईला कुणी कूस बदलून दिली नव्हती. नखं वाढून आत वळली होती. आणि दोन्ही मनगटांवर पट्टे होते, गुळगुळीत झालेले जुने आणि त्यावर ताजे. म्हातारी हाका मारायची, उठायला बघायची, म्हणून तिचे हात पलंगाला बांधून ठेवत असावेत. खालाने त्या मनगटांवरून आपली वाकडी करंगळी सावकाश फिरवली.

“आजारपणात होतंच असं,” अध्यक्षांची बायको म्हणाली. तिने तांब्या भरून घेतला.

“ओता,” खाला म्हणाली. “हळू.”

तीनदा धुवायचं असतं. गरज पडली तर पाचदा. खालाने पाचदा धुतलं. जखमांमध्ये कापूस भरला, कापूर लावला. नेहमीसारखी ती म्हातारीशी बोलत होती, आता उजवी कूस हं, आता डावी, झालंच आता, दुखणार नाही. दोन वर्षांत त्या बाईची कूस कुणी बदलली असेल तर ती मेल्यानंतर, आणि तीही अशा बाईने जिला तिच्या मुलाने चौकात टांगलं होतं. मग कफन बांधून खालाने चेहरा तेवढा मोकळा ठेवला. चेहरा चांगला होता. शांत दिसत होता.

बाहेर बायकांनी तिला गराडा घातला. चेहऱ्यावर नूर होता ना हो खाला? हो, ती म्हणाली. होता. ते खोटं नव्हतं. कुणी म्हणालं, असणारच, लेकाने सेवाच तशी केली. खाला हात पुसत राहिली.

जिन्याच्या वळणावर अध्यक्ष एकटे उभे होते. त्यांना बायकोने सांगितलं होतं की नुसतं बघून समजलं होतं, कुणास ठाऊक. चेहरा राखेसारखा झाला होता. ते खालाच्या हातांकडे बघत होते. आता पहिल्यांदाच नीट बघत होते.

“काही त्रास नाही ना झाला आत?”

“नाही.”

“खाला, तो फलक.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “उद्या सकाळी उतरवून घेतो. कुणाला काही विचारायची गरज नाही. मीच आधी करायला हवं होतं.”

खालाला आधी फक्त मुलगी दिसली. गॅलरीचा पडदा सारलेला, तिच्यासाठी उघडलेलं दार, येणारं बाळ. तोंडून हो निघतच होतं. आणि मग तिला कळलं की हा माणूस दान देत नाहीये, सौदा करतोय. आत जे झाकलं ते तिने अल्लासाठी झाकलं होतं, एकतीस वर्षं झाकत आली तसंच. आता ती हो म्हणाली तर ते झाकणं विकलं गेलं. म्हातारीच्या जखमांच्या बदल्यात आपली लाज परत घेतल्यासारखं होईल, आणि मरेपर्यंत त्या चादरीखालून हात बाहेर येणार नाही. तिला हो म्हणायचं होतं. तिला रडू येत होतं इतकं हो म्हणायचं होतं.

“नको,” ती म्हणाली. “राहू दे.”

“का पण?”

“आईला माती देऊन या आधी.”

अध्यक्षांना यात धमकी ऐकू आली. जो स्वतः सगळ्याचं मोल करतो त्याला वाटतं, समोरचाही भाव वाढवतोय. पण आठवडा गेला, दोन गेले, खालाच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नाही, आणि भीती ओसरल्यावर अध्यक्षांना एक छान गोष्ट सुचली. त्यांनी ती वापरली. जे कुणी फलकाबद्दल कुरकुर करायचं त्याला ते खरंखरं सांगायला लागले: अहो, मी स्वतः काढतो म्हटलं होतं. खालाच नको म्हणाल्या. विचारा त्यांना.

आणि ते खोटं नव्हतं. मौलवीसाहेबांनीही मग हायसं वाटून विषय सोडला. समितीने फलकावर वरून दिवे लावले.

मुलीला मुलगा झाल्याचं खालाला शेजारणीकडून कळलं. तिने टोपडं शिवलं, डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून बोटांनी चाचपून. ते तसंच उशाखाली ठेवलं.

बाविसाव्या दिवशी दुपारी मुलगी आली. एकटीच, बाळाला छातीशी धरून, घरात न सांगता. खाला धडपडत उठली, चटई टाकली. मुलगी बसली नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल तेवढं टाकलं.

“अध्यक्षांची बायको सासूबाईंना सांगून गेली,” ती म्हणाली. “ते फलक काढत होते आणि तू नको म्हणालीस. खोटं आहे ना?”

खाला बाळाकडे बघत होती. कपड्यात गुंडाळलेलं, नाक तेवढं दिसत होतं.

“खरं आहे,” ती म्हणाली.

“मी म्हटलं त्यांच्या तोंडावर, माझी आई असं करणार नाही. सगळ्यांसमोर म्हटलं.” मुलीचा आवाज फाटला. “मी रोज त्या हातांखाली कपडे वाळत घालते, अम्मी. का नको म्हणालीस? एकदा सांग. एवढंच विचारायला आलेय.”

सांगायचं तर ते का काढत होते तेही सांगावं लागलं असतं. आणि मग ती खोली, ती चादर, ती मनगटं. खालाचं तोंड उघडलं. मग तिने थुंकी गिळावी तसं ते गिळलं.

“असंच,” ती म्हणाली.

“असंच?”

खालाने हात पुढे केले. तिला फक्त बाळाला घ्यायचं होतं. पण ते हात समोर तसे उघडे आलेले बघून मुलगी एक पाऊल मागे सरली, फलकावर रोज बघून बघून सरली, आणि आपण मागे सरलो हे कळल्यावर तिचं तिलाच रडू फुटलं. ती वळली. तिच्या खांद्याआडून कपड्यातून निसटलेला बाळाचा पाय दिसत होता.

“पाय उघडा पडलाय त्याचा,” खाला म्हणाली. “झाक.”

मुलीने मागे न बघता पाय झाकला आणि जिना उतरून गेली.